जगन्नाथाचा रथ आणि 'जगरनॉट'

रत्नागिरीत मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. अवाढव्य वस्तूंसाठी असलेले इंग्रजी शब्द सांगताना मला नेहमी एक मौज वाटत आली आहे. ज्या इंग्रजाने अर्ध्या जगावर राज्य केले, त्याने प्रचंडपणाचे कितीतरी शब्द दुसऱ्यांच्या घरून उसने आणले. 'लेव्हायथन' आणि 'बेहेमॉथ' बायबलातल्या हिब्रूतून आले, 'टायटॅनिक' व 'कोलोसल' ग्रीकांकडून, 'मॅमथ' रशियनांकडून, आणि 'गार्गॅन्चुअन' राब्ले या फ्रेंच लेखकाच्या खादाड राक्षसाकडून. आपणही काही कमी नाही. 'अजस्र' आपण संस्कृतातून उचलला. तिथे त्याचा अर्थ 'अखंड' असा आहे, हे आज कोणाच्या गावीही नसते.

या उसनवारीत एक शब्द आपल्या देशातून गेला. तो म्हणजे 'जगरनॉट', अर्थात पुरीचा जगन्नाथ. वाटेत येईल त्याला चिरडीत जाणारी, कोणालाही न आवरणारी शक्ती, असा त्याचा अर्थ कोशात दिलेला असतो. माझ्या वर्गात मिऱ्याहून येणारा त्याच नावाचा एक मुलगा होता. अर्थ वाचून दाखवल्यावर सारा वर्ग हसला. तो हसला नाही. तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो.

त्याचे मूळ शोधीत गेले की माणूस आपल्याच किनाऱ्यावर येऊन पोचतो. 1321 साली ठाण्यात चार ख्रिस्ती साधू मारले गेले. त्यानंतर थोड्याच काळात ओडोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्याला उतरला. त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन तो समुद्रमार्गे मलबारकडे गेला. ती वाट आमच्या कोकणासमोरूनच जाते. पुढे पूर्व किनाऱ्यावरच्या एका मूर्तीचा रथ आणि त्याच्या चाकांखाली अंग झोकून देणारे भक्त यांचे वर्णन त्याने केले. त्यात जगन्नाथाचे नाव नाही. तरीही मागाहून ती कथा पुरीच्याच रथाला चिकटली. 1806 साली क्लॉडियस ब्युकॅनन हा कंपनी सरकारचा पाद्री पुरीला गेला. 1811 साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाने तर विलायतेत या रथाची दहशतच बसवली.

विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने 1872 च्या आपल्या ओडिशावरील ग्रंथात जुने पुरावे तपासून सांगितले, की असे मृत्यू क्वचितच घडले, त्यांतले पुष्कळसे गर्दीतले अपघात होते आणि जगन्नाथाच्या पंथाला रक्तपाताचा तिटकारा आहे. पण तोवर शब्द रूढ झाला होता. पुढे विलायतेत अवजड मालमोटारींनाही 'जगरनॉट' म्हणू लागले.

आता आपली मराठी पाहा. गावात वाचनालय बांधायचे असो, नाहीतर नाट्यमहोत्सव भरवायचा असो, सभेत कोणीतरी उठतो आणि म्हणतो, "मंडळी, हा जगन्नाथाचा रथ आहे, सर्वांनी हात लावला पाहिजे!" रथ तोच. इंग्रजाची नजर चाकावर गेली, आपली दोरावर. त्याच्या लेखी हा रथ थांबवता येत नाही. आपल्या लेखी तो एकट्याने हलवता येत नाही. कोकणी माणसाला तर हे सांगावेही लागत नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यांवर नाचते, आणि खांदे देणारे थांबले की देवही थांबतो.

पुरीच्या रथाची हकीकतही आपल्याच म्हणण्याला धरून आहे. जगन्नाथाचा नंदिघोष सुमारे 45 फूट उंच, 16 चाकांचा. त्याला ना बैल, ना इंजिन. तो माणसांच्या हातांनी ओढला जातो. सूर्य मावळला की ओढणे बंद होते, मग गुंडिचा मंदिर गाठायचे राहिलेले असले तरी. वाटेत सालबेग या मुसलमान भक्ताच्या समाधीपाशी तो मुद्दाम थांबतो. यात्रा संपली की तिन्ही रथ मोडतात, त्यांचे लाकूड देवळाच्या स्वयंपाकघरात जळणाला जाते, आणि पुढल्या वर्षी सुतार नव्या लाकडाला हात घालतात.