तळं, तार आणि एक वकील

मागच्या शनिवारी पाबळला मामाकडे गेलो होतो. पुण्याहून नगर रोडने शिक्रापूर, तिथून आत वळलं की पाबळ. बाहेरच्या लोकांना हे गाव दोन गोष्टींमुळे माहीत असतं. एक म्हणजे मस्तानीची समाधी. दुसरी म्हणजे डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली इथे सुरू केलेला विज्ञान आश्रम. मला मात्र पाबळ म्हणजे मामाची विहीर, कांदा आणि लाईटची वाट बघणं एवढंच लहानपणापासून आठवतं.

रात्री जेवणं झाल्यावर मामा बॅटरी आणि काठी घेऊन निघाले. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, अशी पाळी. या भागात बिबट्याची भीती आहे, त्यामुळे एकट्याने जायचं नाही असा घरातला नियम. मीही बरोबर निघालो. पुण्यात रात्री अडीचला मी जागा असतो तो प्रॉडक्शनमध्ये काहीतरी पडलं म्हणून, आणि तेही एसीत बसून. इथे चिखलात उभं राहून थ्री फेज यायची वाट बघायची.

मामांनी विचारलं, "तू इंजिनीयर ना रे? मग सांग, दिवसाची लाईट जाती कुठं?"

मी म्हटलं, "मामा, ते कंपनी ठरवते."

"अन् कंपनीला कोण सांगतं?"

आता आली का पंचाईत! चार वर्षं इंजिनीयरिंगला घालवली, ट्रान्सफॉर्मरची समीकरणं पाठ केली, पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. पुण्याला परतल्यावर शोधायला बसलो आणि वाचता वाचता वायरमनकडून सुरू झालेला प्रवास थेट एका वकिलापाशी जाऊन थांबला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मंडळी, दचकू नका. घटनेचे शिल्पकार, महाडचा सत्याग्रह, धर्मांतर हे सगळं आपण शाळेत शिकतो. पण जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि त्याच खात्याकडे वीज आणि पाटबंधारेही होते, हे शाळेत कुणी सांगत नाही. निदान मला तरी नाही सांगितलं.

आधी थोडं मागे जाऊ. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. वीज, गॅस, रेल्वे यांचं काय करायचं यावर अमेरिकेत तेव्हा जोरात वाद चालू होता. अडचण सोपी आहे. एका गल्लीत दोन कंपन्यांनी आपापले खांब उभे करण्यात काही अर्थ नाही, म्हणून कंपनी एकच असते. आणि एकच असली की ती मागेल तो दर द्यावा लागतो. १८७७ साली शिकागोच्या धान्याच्या गोदामांच्या खटल्यात (मन विरुद्ध इलिनॉय) तिथल्या सुप्रीम कोर्टाने तत्त्व सांगितलं होतं की मालमत्ता खाजगी असली तरी तिच्यात लोकांचं हित गुंतलं असेल, तर लोकांना तिच्यावर नियंत्रण ठेवता येतं. या तत्त्वाच्या आधाराने १९०७ साली न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी दर आणि सेवा तपासणारे आयोग नेमले. आज आपल्याकडे 'नियामक आयोग' म्हणतात त्याचे हे पूर्वज.

पुढे बाबासाहेब लंडनला बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. मग आलं महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, ते आपल्याला माहीत असतं. त्यानंतर काय झालं ते मात्र आपण वाचत नाही. तळं खाजगी आहे, अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची जुनी वहिवाट आहे, असं म्हणत सनातनी मंडळी कोर्टात गेली. दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी. डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. महाडात हजारो माणसं जमलेली असताना त्यांनी तो पाळला आणि तळ्यावर पाणी घ्यायला गेले नाहीत. मग वर्षानुवर्षं कोर्ट, अपील, पुन्हा अपील. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तळं नगरपालिकेचं ठरलं आणि अनादी काळापासूनची वहिवाट काही सिद्ध झाली नाही. एका ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं!

मला या खटल्याकडे बघायची एक वेगळी नजर मिळाली. माणुसकीचा लढा तर तो होताच. पण कोर्टापुढचा प्रश्न अगदी कोरडा होता. ही सोय खाजगी की सार्वजनिक? आणि सार्वजनिक असेल, तर कुणाला नाही म्हणायचा अधिकार कुणाला आहे का?

आता सरळ १९४३ वर येऊ. युद्ध चालू होतं आणि युद्धानंतरच्या उभारणीसाठी समित्या नेमल्या होत्या. २५ ऑक्टोबर १९४३ ला सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांच्या धोरण समितीपुढे बाबासाहेबांनी भाषण केलं. ते वाचताना मला एखादं नीट लिहिलेलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचतोय असं वाटलं. विजेची मालकी खाजगी असावी की सरकारी? खाजगी असेल तर लोकांच्या हितासाठी कोणत्या अटी घालायच्या? जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? केंद्राची असेल तर स्वस्त आणि मुबलक वीज मिळेल, नासाडी होणार नाही, असा कारभार कसा करायचा? प्रांतांची असेल तर त्यांच्यात मेळ घालणारं मंडळ हवं का? स्वस्त आणि भरपूर वीज नसेल तर देशात उद्योग उभे राहणार नाहीत आणि माणूस गरिबीतून सुटणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पहिले दोन प्रश्न पुन्हा वाचा. महाडच्या कोर्टातलेच प्रश्न आहेत की नाही? महाडमुळेच त्यांना ते सुचले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण ज्या माणसाने दहा वर्षं 'सार्वजनिक' या शब्दाची व्याख्या कोर्टात लढवली, तो माणूस विजेच्या खात्यात बसल्यावर हाच प्रश्न आधी विचारणार, यात मला तरी नवल वाटत नाही.

तेव्हा वीज होतीच किती? १९४७ साली अख्ख्या देशात मिळून १,३६२ मेगावॅट. आज आपलं एकटं कोयना १,९६० मेगावॅटचं आहे. त्यातही १९१० च्या कायद्याप्रमाणे एकेका भागासाठी कंपनीला परवाना मिळायचा. कंपनी अर्थातच शहर बघायची. तिथे गिऱ्हाईक दाट, तार कमी. पाबळसारख्या गावात दहा मैल तार ओढून चार दिवे लावायला कोण येणार?

बाबासाहेबांच्या खात्यात १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झालं. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही याच काळातली. पूर, पाणी आणि वीज यांचा एकत्र विचार करायचा, अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखा. नव्या वीज कायद्याची तयारीही याच खात्यात सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर हे खातं आलं पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे. तेही वकील! दामोदर खोरे महामंडळाचा कायदा आणि वीज (पुरवठा) कायदा, दोन्ही १९४८ चे, त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळात झाले. दोन मराठी वकिलांनी, एकाने प्रश्न मांडून आणि दुसऱ्याने विधेयक पार नेऊन, देशाच्या विजेचा सांगाडा उभा केला.

१९४८ च्या कायद्यातलं सहावं परिशिष्ट मला फार आवडलं. (हो, मी रविवारी कायद्याची परिशिष्टं वाचतो. लग्न न जमण्याचं कारण आई शोधतेच आहे.) खाजगी कंपनीने किती नफा घ्यायचा याचं गणित त्यात आहे. ठरलेल्या वाजवी परताव्यापेक्षा जास्त नफा झाला तर त्यातला तिसरा हिस्सा, तोही एका मर्यादेपर्यंत, कंपनीचा. उरलेल्यातला अर्धा दर स्थिर ठेवण्याच्या राखीव निधीत आणि अर्धा ग्राहकांना सूट म्हणून. वकिलाची भाषा आणि हिशेबनिसाचं डोकं एकत्र आलं की असं कलम तयार होतं.

याच कायद्याखाली राज्यांची वीज मंडळं आली. आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चं. शहर सोडून गावात तार पोचली ती मंडळामुळे, हे श्रेय द्यायलाच हवं. पण सांगाड्यात एक फट राहिली. खाजगी कंपनीच्या नफ्यावर लगाम होता, पण मंडळाचा हिशेब लोकांसमोर तपासणारं कुणी नव्हतं. धोरणाच्या बाबतीत राज्य सरकार मंडळाला निर्देश देऊ शकत होतं. शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी आली. शेतकऱ्याला ते सोयीचं वाटलं. पण मीटरच नाही म्हटल्यावर किती वीज खरंच शेतात गेली आणि किती वाटेत गळली किंवा चोरीला गेली, हे कळायचा मार्गच बंद झाला. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगिंगच बंद करून टाकलं.

नव्वदच्या दशकात दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आला. १९९३ साली वीजखरेदीचा करार झाला, तेव्हा तो जाहीर सुनावणीत तपासणारा आयोगच नव्हता. २००१ साली प्रकल्प बंद पडला, तोवर ते सगळं महाराष्ट्राला महागात पडलं होतं. दरम्यान १९९८ चा केंद्राचा कायदा आला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. न्यूयॉर्कनंतर ब्याण्णव वर्षांनी! पहिल्याच दरनिश्चितीच्या सुनावणीत पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आकडे मागितले, आणि मंडळ दाखवत आलं त्यापेक्षा गळती कितीतरी जास्त असल्याचं उघड झालं. बरीचशी गळती बिनमीटरच्या शेतीपंपांच्या नावावर खपवली जात होती. म्हणजे मामांच्या नावावर, त्यांनी न वापरलेली वीज!

२००३ च्या वीज कायद्याने हे आणखी पक्कं केलं. दरवाढीचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे आधी भरावे लागतात. आयोगापुढे, दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणापुढे फक्त विजेच्याच केसेस लढणारे वकील तयार झाले. २०१८ साली तर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक आयोगात कायद्याचा किमान एक माणूस हवाच.

आणि तरीही मामा रात्री अडीचला विहिरीवर जातात. २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. दिवसा वीज मिळावी म्हणून शेतीच्या फीडरना सौर ऊर्जा जोडायची योजनाही चालू आहे. पण मला एक भीती वाटते. बिल भरणारा माणूस जाब विचारू शकतो. फुकट घेणाऱ्याला लोक म्हणतात, "मिळतंय ते घे." १९४३ च्या भाषणात स्वस्त आणि मुबलक हे दोन शब्द एकत्र होते. आपण त्यातला स्वस्त तेवढा उचलला.

मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजी आपल्यालाबी तिथं बोलता येतं?"

येतं, मामा. वकील लावायलाच हवा असंही नाही. पेपरात नोटीस येते, लेखी हरकत पाठवायची, सुनावणीला उभं राहून बोलायचं. पुढची नोटीस आली की आम्ही दोघं एक पान लिहिणार आहोत. मजकूर मामांचा, टायपिंग माझं. त्यात काय काय मागायचं याची यादी मामांनी करायला घेतली आहे. पहिल्या ओळीत फक्त 'दिवसा' असं लिहिलंय.