किर्लोस्कर : एका आडनावाची कुळकथा

सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यात, किर्लोस नावाचे गाव आहे. त्या गावावरून आडनाव पडले किर्लोस्कर. गावाच्या नावाला ‘कर’ लावण्याची ही रीत कोकणात नित्याची, आणि गाव सुटले म्हणून ‘कर’ सुटत नाही. नाटककार बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते बेळगावकडच्या कानडी मुलखात, गुर्लहोसूरला.

नाटकवाल्यांनाही हा ‘कर’ परका नव्हता. सांगलीकर, इचलकरंजीकर अशी मंडळ्यांची नावे होतीच. पण त्यांतून मंडळी कुठली, एवढेच कळे. अण्णासाहेबांनी आधी बेळगावात काढलेल्या मंडळीचे नाव तर होते ‘भरतशास्त्रोत्तेजक’. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगले आणि ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ हे नाव गाजू लागले. इथला ‘कर’ मालकाच्या आडनावातला. किर्लोस गावाचा मंडळीशी काडीचा संबंध नव्हता. (नुसत्या आडनावावरून तर्क लढवू नये, हे याच मंडळीतले बाळकोबा नाटेकर दाखवून देतात. नाटेकर हे आडनाव नाटे गावावरून आले, नाटकावरून नव्हे.)

१८८५ साली अण्णासाहेब वारले. नाव मात्र बदलले नाही, आणि या आडनावाची खरी गंमत इथेच आहे. भाऊराव कोल्हटकरांनी रंगवलेली सुभद्रा असो, १८९९ सालची देवलांची ‘शारदा’ असो की १९०५ साली मंडळीत आलेले बालगंधर्व, सारे ‘किर्लोस्कर’च्याच छत्राखाली. एका माणसाचे आडनाव संस्थेचे झाले. १९१३ साली बालगंधर्व बाहेर पडले आणि ‘गंधर्व’ हे दुसरे नाव उभे राहिले. तेही गावाचे नव्हे, पदवीचे. अण्णासाहेबांच्या धाटणीच्या नाटकाला व संगीताला ‘किर्लोस्करी’ हे विशेषणही लागू लागले.

नाटकाबाहेर हे आडनाव नांगरावर चढले ते गुर्लहोसूरचेच लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यामुळे. औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर १९१० साली त्यांनी नांगरांच्या कारखान्याबरोबर वसाहत उभारली, ती किर्लोस्करवाडी. तिथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. पुढे या मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘किर्लोस्करमध्ये’ असा उल्लेख आला, तर तो नाटक मंडळीचा, कारखान्याचा की मासिकाचा, हे साल पाहूनच ठरवावे.