जुन्या स्टिरिओ कॅमेऱ्यासाठी स्वस्त आणि योग्य फ्लॅशगन

अमेरिकेतील मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीने १९४७ मध्ये 'स्टिरिओ रिअ‍ॅलिस्ट' हा कॅमेरा बाजारात आणला. दोन भिंगांतून एकाच वेळी दोन छायाचित्रे टिपायची आणि ती व्ह्यूअरमध्ये पाहताना खोलीचा प्रत्यय घ्यायचा, हे त्याचे तत्त्व. १९७१ मध्ये उत्पादन थांबले, तरी हौशी छायाचित्रकार तो आजही वापरतात. घरातील छायाचित्रांसाठी मात्र त्याला फ्लॅशगन लागते. ती महाग असण्याची गरज नाही, पण निवड चुकली तर अख्खा रोल काळा निघू शकतो.

पहिला मुद्दा ताकदीचा. त्रिमितीय चित्रात जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट दिसावे लागते. धूसर भाग डोळ्यांना खटकतो. त्यामुळे अ‍ॅपर्चर एफ-८ किंवा एफ-११ इतके लहान ठेवावे लागते. फ्लॅशगनच्या गाइड नंबरला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागले की प्रकाश किती अंतरापर्यंत पुरेल ते समजते. आयएसओ १०० फिल्मवर २० मीटर गाइड नंबरची छोटी फ्लॅशगन एफ-८ ला अडीच मीटरपर्यंतच पुरते. ३६ मीटर गाइड नंबरची जुनी 'विविटार २८३' साडेचार मीटरपर्यंत पोहोचते. बैठकीच्या खोलीसाठी तेवढे पुरेसे आहे.

दुसरा मुद्दा प्रकाशाच्या फैलावाचा. रिअ‍ॅलिस्टची चौकट जवळजवळ चौरस, २४ बाय २३ मिलिमीटरची असते. ३५ मिलिमीटर भिंगापुरता प्रकाश पसरवणारी फ्लॅशगन घेतल्यास चित्राची वरची व खालची कड अंधारी राहत नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा जुळणीचा. जुन्या कॅमेऱ्यांत एम आणि एक्स अशा दोन प्रकारची जुळणी आढळते. एम ही जळणाऱ्या बल्बसाठी असते. बल्ब पूर्ण प्रखर होण्यास सुमारे २० मिलिसेकंद लागत असल्याने शटर थोडे उशिरा उघडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तोवर विझलेला असतो, म्हणून त्याला एक्स जुळणीच हवी.

ही तपासणी फिल्म न घालता करता येते. कॅमेऱ्याची पाठ उघडावी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे आणि पांढऱ्या भिंतीकडे रोखून कळ दाबावी. मागून पाहताना दोन्ही भिंगांत प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसले तर जुळणी ठीक आहे. एकाच भिंगात दिसले तर दोष फ्लॅशगनचा नव्हे, शटरचा समजावा. कॅमेऱ्यावरील शू आजच्यासारखा दिसला तरी त्याचा संपर्कबिंदू जुळेलच असे नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी फ्लॅशगन लावून पाहणे उत्तम.

या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक मंडल नसल्याने टीटीएल सुविधेसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ होय. मॅन्युअल सोय किंवा स्वतःचा सेन्सर असलेली फ्लॅशगन पुरते. वापरलेली घेताना बॅटरीच्या कप्प्यातील गंज आणि 'रेडी' दिवा पाहावा. जुन्या काही फ्लॅशगनमध्ये संपर्कबिंदूवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो. रिअ‍ॅलिस्टच्या यांत्रिक शटरला तो सहसा चालतो. मात्र तीच फ्लॅशगन डिजिटल कॅमेऱ्यावर चढवल्यास त्याचे मंडल निकामी होऊ शकते.