सोळा खेळाडूंचे बंड आणि गुरुवारची लीग

खेळाचा इतिहास म्हटला की विजयांची आणि विक्रमांची यादी आपल्यापुढे येते. कोणी किती करंडक जिंकले हे त्या यादीत सापडते. पण खेळाडूने कोठे खेळावे आणि कोणासाठी खेळावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे तिच्यात सापडत नाही. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. जे वाचले ते सभा आटोपल्यावर रात्री वाचले. त्यामुळे कोणताही इतिहास हाती आला की आमचे लक्ष आधी या प्रश्नाकडे जाते. इंग्लंडातील डार्ट्सच्या खेळाचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

भिंतीवर टांगलेल्या चक्रावर हातभर नव्हे, बोटभर लांबीचे बाण फेकावयाचे, असा हा खेळ. चक्राचे वीस भाग असतात. खेळाडू सुमारे 2.37 मीटर अंतरावरून पाळीला तीन बाण फेकतो. 501 या आकड्यातून मिळालेले गुण वजा करीत शून्यावर यावयाचे, आणि शेवटचा बाण दुप्पट गुणांच्या अरुंद पट्टीत किंवा अगदी मध्यबिंदूत रुतला पाहिजे. हा खेळ वाढला तो पबमध्ये. पब म्हणजे आपल्याकडचा गुत्ता असे समजू नये. दिवसभराचे काम संपल्यावर खाणकामगार, सुतार, गवंडी जेथे बसत, बोलत, ती त्यांची चावडीच होती. मैदान नको, घोडा नको, महागडा पोशाख नको. तीन बाण असले की झाले.

हा खेळ पडद्यावर आणला तो 1970 नंतरच्या दशकात. यॉर्कशर टेलिव्हिजनने पबमधल्या खेळांचा ‘इनडोअर लीग’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याचा निर्माता सिड वॉडेल हा खाणकामगाराचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला. पुढे तो या खेळाचा नामांकित समालोचक झाला. कार्यक्रम सादर करी फ्रेड ट्रूमन. हे नाव मराठी क्रिकेटप्रेमींना सांगावयास नको. 1952 साली हेडिंग्लीच्या कसोटीत आपल्या संघाचे शून्य धावांवर चार गडी बाद झाले, त्यांतले तीन याच ट्रूमनने घेतले. माधव मंत्री आणि विजय मांजरेकर त्यांत होते. तोही खाणकामगारांच्याच वस्तीतला. पडद्याचे दोन भाग करून एकीकडे खेळाडूचा चेहरा आणि दुसरीकडे चक्र दाखवण्याची युक्ती निघाली, आणि पबमधला खेळ घराघरांत गेला.

संघटनेची बाजू सांभाळली ऑली क्रॉफ्ट या गृहस्थांनी. 1973 साली लंडनच्या मझवेल हिल भागातील आपल्या घरी त्यांनी ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन ही संस्था स्थापिली. परगण्यापरगण्यांचे संघ, नियम, पंच, स्पर्धा या सर्वांची घडी या संस्थेने बसवली, आणि तिचे पुष्कळसे काम स्वयंसेवकांच्या बळावर चाले. 1978 साली नॉटिंगहॅमला पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा झाली. वेल्सचा लेटन रीस ती जिंकला. त्याला 3,000 पौंड मिळाले. पुढे एरिक ब्रिस्टो, जॉन लो, जॉकी विल्सन ही नावे घरोघर झाली. लो मूळचा सुतार. विल्सनने कोळसा पोचवण्याचे व खाणीतले काम केलेले. 1984 साली लोने दूरचित्रवाणीवर प्रथमच कमीत कमी, म्हणजे नऊ बाणांत डाव संपवला आणि 1,02,000 पौंडांचे बक्षीस मिळवले.

परंतु ही भरभराट पडद्याच्या आधाराने उभी होती. 1988 च्या अखेरीस आयटीव्हीने डार्ट्समधून अंग काढून घेतले, आणि बीबीसीवरील जागतिक स्पर्धा तेवढी पडद्यावर उरली. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. व्यावसायिक खेळाडूचे पोट नुसत्या बक्षिसावर भरत नसे. क्लबांतून आणि पबांतून होणारे प्रदर्शनी सामने, आणि पुरस्कर्ता व्यापारी, यांवर त्याचा संसार चाले. चेहरा पडद्यावर दिसेनासा झाला की ही दोन्ही उत्पन्ने आटत. गिरणी बंद पडली की शेजारच्या खानावळीचीही चूल विझते, तसाच हा प्रकार. खेळाडू संस्थेला म्हणत, नवे पुरस्कर्ते आणा, पडद्यावर परत जाण्याची खटपट करा. संस्थेकडून होणारी हालचाल त्यांना पुरेशी वाटेना.

1992 च्या जानेवारीत खेळाडूंनी व त्यांच्या व्यवस्थापकांनी वर्ल्ड डार्ट्स कौन्सिल ही स्वतःची संघटना काढली. 1993 च्या जागतिक स्पर्धेत या संघटनेची चिन्हे सदऱ्यावरून काढण्यास त्यांना सांगण्यात आले. छातीवरच्या बिल्ल्याची किंमत काय असते, हे ज्याने दारसभा घेतल्या आहेत त्याला वेगळे सांगावयास नको. त्याच महिन्यात सोळा खेळाडूंनी निवेदनावर सह्या केल्या: पुढील वर्षी आपल्या संघटनेच्या छत्राखाली असेल तरच ती स्पर्धा खेळू. रीसखेरीज तोपर्यंतचे सर्व जगज्जेते या सोळांत होते. एप्रिलमध्ये संस्थेने बहिष्काराचा ठराव केला. परगण्याच्या संघाचे दारही त्यांना बंद झाले. सोळांपैकी दोघे परत गेले, चौदा राहिले. परत जाणाऱ्याला फितूर म्हणणे सोपे असते. लढ्याच्या काळात घर कसे चालवावे याची तरतूद ज्या संघटनेने केली नाही, तिने तो शब्द जपून वापरावा, असे आमचे मत आहे.

1993 च्या नाताळानंतर एसेक्समधील पर्फ्लीट येथील ‘सर्कस टॅव्हर्न’मध्ये चोवीस खेळाडूंची निराळी जागतिक स्पर्धा भरली. डेनिस प्रीस्टलीने फिल टेलरला 6-1 असे हरवले, आणि स्काय या नव्या उपग्रहवाहिनीने ती दाखवली. स्कायला सामने हवे होते, खेळाडूंना पडदा हवा होता. दरम्यान प्रकरण कोर्टात गेले होते. माणसाच्या धंद्याला गैरवाजवी अटकाव करता येत नाही, हे त्यातले तत्त्व. 1977 साली केरी पॅकरच्या क्रिकेट प्रकरणात लंडनच्या उच्च न्यायालयाने याच तत्त्वावर क्रिकेटपटूंच्या बाजूने निकाल दिला होता. डार्ट्सचा दावा निकालापर्यंत गेला नाही. 30 जून 1997 रोजी ‘टॉम्लिन ऑर्डर’ या प्रकारची तडजोड झाली. कोठे खेळावे हे खेळाडूने ठरवावे, हे मान्य झाले. उलट, कौन्सिलने खेळाची नियामक संस्था असल्याचा दावा सोडला व प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन असे नाव घेतले.

नावातला हा बदल आम्हांस सूचक वाटतो. ‘कौन्सिल’चे ‘कॉर्पोरेशन’ झाले, आणि 2001 साली स्नूकर व मुष्टियुद्धाच्या सामन्यांचे संयोजक बॅरी हर्न तिचे अध्यक्ष झाले. 2005 च्या जानेवारीत स्टोक येथे प्रीमियर लीग सुरू झाली. खेळाडू सातच, त्यांना गावोगाव नेऊन गुरुवारी रात्री एकमेकांशी खेळवावयाचे. स्टोकजवळच्याच बर्स्लेमचा, एके काळी कारखान्यात चिनी मातीच्या वस्तू करणारा टेलर पहिली चार वर्षे ही लीग जिंकला. हळूहळू लीग मोठमोठ्या प्रेक्षागृहांत गेली. 2016 मध्ये हॉलंडातील रॉटरडॅमलाही पोचली. 2022 पासून आठ खेळाडू दर गुरुवारी बाद पद्धतीने खेळतात. त्या रात्रीच्या विजेत्यास 10,000 पौंड मिळू लागले. 2024 साली ल्यूक लिटलर हा सतरा वर्षांचा मुलगा लीग जिंकला.

आता जमाखर्च मांडू. खेळाडूंनी मिळवले ते खरे आहे: नॉटिंगहॅमचे 3,000 पौंड आठवा, आणि 2025 च्या जानेवारीत जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या लिटलरला 5,00,000 पौंड मिळाले हे पाहा. पण लीगमध्ये प्रवेश निमंत्रणाने मिळतो. क्रमवारीतले पहिले चार सोडले तर बाकीच्यांची निवड संयोजकांच्या हाती. बक्षीस वाढले, तरी दार उघडणारा हात खेळाडूचा झाला नाही. दुसऱ्या बाजूला, परगण्यांची घडी बसवणारी जुनी संस्था खंगत गेली. खुद्द क्रॉफ्टना 2011 साली तिच्या कारभारातून बाजूला व्हावे लागले, आणि 2020 साली ती बुडाली. ज्या मझवेल हिलवरच्या घरात ती जन्मली, त्याच टेकडीच्या कडेला असलेल्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये प्रतिस्पर्ध्यांची जागतिक स्पर्धा 2008 पासून भरते आहे.

यातून आम्ही एवढेच घेतो. सोळांचे बंड न्याय्य होते, कारण श्रमणाऱ्याला आपले श्रम कोठे द्यावे हे ठरवण्याचा हक्क असलाच पाहिजे. तो हक्क त्यांनी चार वर्षे एकत्र राहून मिळवला. पण हक्क मिळाल्यावर व्यवहाराच्या चाव्या कोणाकडे जातात, यावर संघटनेने त्यानंतरही डोळा ठेवावा लागतो. लढा जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी सभेची हजेरी निम्म्यावर येते, हा आमचा अनुभव आहे. ती हजेरी टिकवणे हे लढ्याहून अवघड काम, आणि वर्तमानपत्रात त्याची बातमीही येत नाही.