पायाखालची फरशी

घर दुरुस्तीला काढले की घरात पहिला वाद होतो तो फरशीवरून. मुलाला आरशासारखी चकाकणारी टाइल हवी असते. आई म्हणते, "आहे ती शहाबादी काय वाईट आहे?" गवंड्याचे मत तिसरे आणि दुकानदाराचे चौथे. शेवटी ज्याचा आवाज मोठा, त्याची फरशी घरात येते, आणि पुढची तीस वर्षे सगळे घर तिच्यावर चालते. हा वाद दिसायला घरगुती असला तरी त्याच्या पाठीशी मोठा इतिहास उभा आहे. आपल्या जिल्ह्यापुरता, म्हणजे २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जुन्या नगर जिल्ह्यापुरता, तो थोडक्यात पाहू.

प्रवरेच्या काठी नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन केले. त्याच नदीच्या काठी दायमाबादलाही पुढे उत्खनने झाली. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी तेथे कसा राहत होता, हे त्यातून कळले. त्याच्या घराच्या भिंती मातीच्या आणि जमीन चोपलेल्या मातीची. आता असे पाहा, आपल्या आजी-पणजीच्या घरातील जमीन याहून फारशी निराळी नव्हती. राज्ये आली नि गेली, पण चोपलेली आणि शेणाने सारवलेली जमीन काही हलली नाही.

ती इतकी का टिकली? कारण ती गावातच मिळे, उन्हाळ्यात थंड राही आणि उखडली तर घरच्या घरी नीट करता येई. मात्र तिची किंमत कोणी मोजत नसे, कारण ती पैशात नव्हती. ती बाईच्या मनगटात होती. शेण आणायचे, कालवायचे, वाकून सारे घर सारवायचे, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. जुन्या जमिनीचे गुण गाताना हे विसरता कामा नये.

छपराचीही हीच गोष्ट. आपल्याकडे गावाची म्हणून 'पांढरी' आणि शेताची म्हणून 'काळी'. ती पांढरी माती नुसती नावापुरती नव्हती. पारनेर, कर्जत, जामखेडकडच्या धाब्याच्या घरांवर कडीपाट घालून तिचाच जाड थर देत. पाऊस बेताचा, त्यामुळे सपाट धाबे चालून जाई. तेच अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरकडे जा. तेथे पाऊस असा कोसळतो की धाबे एका आषाढात बसायचे. म्हणून तेथे उतरते छप्पर, गवताचे किंवा कौलाचे. एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हा, आणि दोन्ही बरोबर! कौल घालायचे की माती, हे पाऊस ठरवीत होता.

श्रीमंतांचे काय? दख्खनच्या सुलतानांना इराणी पद्धतीच्या झिलईदार, रंगीत टाइलांचा मोठा शौक होता. बीदरला महमूद गावानचा १४७२ चा मदरसा, देवगिरीच्या किल्ल्यातील चांद मिनार आणि चिनी महाल, येथे त्या टाइलांचे अवशेष अजून दिसतात. नगर वसविणाऱ्या अहमद निजामशहाने १४९९ मध्ये देवगिरी घेतली, तेव्हा हे वैभव त्याच्या हाती आलेच होते. पण खुद्द नगरात आज जे उभे आहे, तो १५८३ चा फराहबाग घ्या की दमडी मशीद, तेथे राज्य आहे ते दगडाचे आणि चुन्याचे. हाताशी जे होते त्याचे सोने केले.

हाताशी होता तो काळा फत्तर. हा ज्वालामुखीचा दगड कठीण, घडवावा तसा घडतो, पण त्याचे पातळ थर सुटत नाहीत. फरशी करायची तर एकेक दगड टाकीने घडवायचा. म्हणून वाड्याचे जोते दगडी, चौक दगडी, आणि माजघरात पुन्हा मातीच. मोठ्या घरच्या सुनेलाही सारवण चुकले नव्हते.

हे बदलले रेल्वेने. मुंबईहून पुणे-सोलापूरवरून जाणारी आगगाडी १८७१ साली रायचूरला पोचली. त्या वाटेवर शहाबाद आहे, आजच्या कर्नाटकात. तेथला दगड चुनखडीचा, वहीच्या पानांसारखा थराथरांचा. पहार घातली की लादी सुटते. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि नगर त्या जाळ्यात आले. जो दगड बैलगाडीने आणणे परवडले नसते, तो वाघिणीत बसून येऊ लागला. शहाबादी फरशी आपल्याकडे इतकी रुळली ती त्यामुळे. तिकडे मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली यंत्राच्या कौलांचा कारखाना काढला होता. ती खाचेत खाच बसणारी मंगळुरी कौलेही देशभर पसरली.

त्यानंतर सिमेंटचे युग. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचा कारखाना चालू झाला. १९२२ मध्ये स्वदेशीच्या भरात मुंबईत फेरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्सची सुरुवात केली. विलायती नक्षीच्या टाइलला देशी उत्तर द्यावे, हा हेतू. पुढे संगमरवराच्या खड्यांची मोझाइक आली. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पाटाच्या पाण्याखाली उसाचा पैसा आला, धाब्याच्या जागी स्लॅब आले आणि मोझाइक शेतकऱ्याच्या ओसरीत शिरली. आज गुजरातेतील मोरबीहून ट्रकच्या ट्रक व्हिट्रिफाइड टाइल येते.

या साऱ्या हकिकतीतून निवडीसाठी काय घ्यायचे? एवढेच की प्रत्येक काळच्या माणसाने फरशीला प्रश्न विचारले होते : पाऊस किती, वाहतूक कशी, कष्ट कोणाचे? आज वाहतुकीचा अडसर उरला नाही, म्हणून आपण बाकीचे प्रश्नही सोडून दिले आणि फक्त चकाकी पाहू लागलो.

ते प्रश्न पुन्हा विचारा. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून डाग धरत नाही नि फारशी झिजत नाही. हा तिचा गुणच. पण तीच गुळगुळीत असली आणि वर पाणी सांडले, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे मांडीचे हाड जाते. न्हाणीघरात, ओसरीवर आणि स्वयंपाकघरात खरबरीत टाइलच घ्या. दुकानात कोरड्या टाइलवर हात फिरवून भागत नाही. तिच्यावर पाणी ओतून अनवाणी पाय ठेवून बघा. भिंतीची टाइल स्वस्त मिळाली म्हणून जमिनीला लावू नका. ती सच्छिद्र आणि नाजूक असते, वजनाने फुटते. शहाबादी घेतलीत तर ध्यानात ठेवा, दगड चुनखडीचा आहे. लिंबू-चिंच सांडली की डाग पडतो, आणि ॲसिडने धुतली की ती खाल्ली जाते.

जुना दगडमातीचा वाडा असेल तर आणखी जपावे. त्याच्या पायात ओल अडविणारा थर नसतो. जमिनीतली ओल पूर्वी मातीतून, लाद्यांच्या सांध्यांतून निघून जाई. वर पाणी न झिरपणारी टाइल घट्ट बसविली की तीच ओल भिंतीत चढते, लोणा लागतो आणि गिलावा ढासळतो. मग लोक दोष देतात भिंतीला! अशा घरात जुनी शहाबादी जपून उखडावी, कडा सरळ करून, घासून पुन्हा बसवावी. एकदा फोडून उकिरड्यावर टाकली की तशी जाड लादी सहज मिळत नाही. आणि घर काळ्या मातीवर असेल, तर आधी भराव नीट चोपून घ्या. ती माती पावसात फुगते नि उन्हात आकसते. तिच्यावर महागडी टाइलही तडकते.

आणि एक प्रश्न सर्वांत शेवटी, पण महत्त्वाने पहिला : ही फरशी रोज पुसणार कोण? ज्याने वाकायचे, त्याचे मत आधी घ्या. तीन हजार वर्षांत या जिल्ह्यातील घरांनी ते फारसे विचारले नाही. आता विचारायला हरकत नाही.