पाण्यावरची गिरणी

मंडळी, पुण्यात गिरणी म्हटलं की मला आठवते स्टेशनजवळची राजा बहादूर मिल. 1893 सालची. आता तिथे लोक जेवायला आणि गाणी ऐकायला जातात. नावात मिल उरली, मागांचा खडखडाट गेला.

मध्यंतरी गोकाकला गेलो होतो. घटप्रभा तिथे सुमारे 170 फूट खाली कोसळते आणि काठावरच सूतगिरणी. 1885 साली निघालेल्या कंपनीच्या नावातच ‘वॉटर पॉवर’ होतं! 1887 पासून पाण्याच्या टर्बाइनवर गिरणीच्या चात्या फिरू लागल्या. मुंबईच्या गिरण्यांना तेव्हा दगडी कोळसा लागायचा, इथे इंधन म्हणजे नदीच. अर्थात उन्हाळ्यात धार बारीक झाली की पंचाईत.

कोळसा रेल्वेने कुठेही नेता येतो, धबधबा नाही. म्हणून गोकाकला गिरणी पाण्याकडे गेली आणि माणसं गिरणीकडे. पुण्यातली गिरणी मात्र स्टेशनजवळ, वाढत्या शहराच्या मधोमध. तिथे जागेलाच मोल आलं.

जुन्या भिंती राहिल्या हे चांगलंच. पण एखादा माग चालता ठेवला असता तर? तो खडखडाट ऐकल्याशिवाय पुढच्या पिढीला गिरणी कशी कळणार? तुमच्या घरात कोणी मिलमध्ये कामाला असतील, तर त्यांना आत्ताच बोलतं करा.