पावसात टीव्हीवर 'नो सिग्नल'? मेकॅनिकला बोलावण्याआधी हे तपासा

मॅचची शेवटची ओव्हर सुरू आहे आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवर चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि टीव्ही बंद पडतो. पावसाळ्यात नाशिकमधल्या अनेक घरांचा हा अनुभव आहे. मग मेकॅनिक येतो, व्हिजिटचे पैसे घेतो आणि कधीकधी नवा बॉक्सही गळ्यात मारतो. खरं तर बिघाड नेमका कुठे आहे, हे बरेचदा घरात बसूनच ओळखता येतं.

पूर्वी मुंग्या, आता चौकोन. असं का?

केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात नाशिकचा समावेश होता. त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्याआधीच्या ॲनालॉग केबलवर सिग्नल कमी झाला की मुंग्या दिसायच्या, पण कार्यक्रम चालू राहायचा. डिजिटलमध्ये तसं होत नाही. सिग्नल एका मर्यादेपर्यंत घसरला तरी चित्र स्वच्छ दिसतं. त्याखाली गेला की चौकोन येतात आणि थेट स्क्रीन काळी होते. म्हणजे 'कालपर्यंत छान चालू होता' असं वाटलं, तरी सिग्नल आधीपासूनच काठावर असू शकतो.

पाऊस आला की डिश का जाते?

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहेत. तिथून येणाऱ्या लहरींची लांबी साधारण अडीच सेंटीमीटर असते. जोरदार पावसाचे थेंब या लहरी शोषतात आणि विखुरतात. म्हणून रिमझिम पावसात टीव्ही चालतो आणि मुसळधार सरीत जातो.

नाशिकमधून पाहिलं तर भारतातल्या प्रमुख डीटीएच सेवांचे उपग्रह दक्षिण आणि पूर्व यांच्या मध्ये, म्हणजे आग्नेयेकडे दिसतात. त्यामुळे घरावर पाऊस नसला, पण त्या दिशेला दोन-चार किलोमीटरवर ढग फुटला असेल, तरी टीव्ही जाऊ शकतो.

साधी कसोटी अशी: सर ओसरल्यावर काही मिनिटांत चित्र परत आलं, तर तो बिघाड नाही. पाऊस थांबूनही टीव्ही येत नसेल किंवा हलक्या पावसातही जात असेल, तर पुढचं तपासा.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हाही दिवसा काही मिनिटं सिग्नल जातो. तो आपोआप परत येतो.

स्क्रीनवरचा मेसेज कोणाचा आहे?

- रिमोटवर बॉक्सचा मेनू दाबा. मेनू दिसतच नसेल आणि टीव्हीचा स्वतःचा 'नो सिग्नल' फिरत असेल, तर छत्रीचा संबंध नाही. टीव्हीचा सोर्स बदलला आहे का, एचडीएमआय वायर सैल आहे का, बॉक्स चालू आहे का, ते पाहा.
- मेनू दिसतो, पण एकही चॅनेल लागत नाही: छत्री, तिच्यापुढचा एलएनबी किंवा वायर यांपैकी कुठेतरी बिघाड आहे.
- एक-दोनच चॅनेल नाहीत: आधी रिचार्ज आणि पॅक तपासा.
- बरेच ठरावीक चॅनेल गेले, बाकीचे नीट आहेत: एलएनबी किंवा वायरवर संशय घ्या.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. दोन्ही शून्य असतील, तर वायर तुटली किंवा सुटली असण्याची किंवा एलएनबी बंद पडल्याची शक्यता जास्त. स्ट्रेंथ आहे, पण क्वालिटी शून्य असेल, तर छत्री हलली असावी किंवा समोर आडोसा आला असावा. छत्री दोन-तीन अंश फिरली तरी चॅनेल जातात. वादळी वारा, कबुतरं, आग्नेयेला वाढलेलं झाड ही नेहमीची कारणं. नाशिक आणि येवल्यात संक्रांतीला गच्चीवर पतंगांची गर्दी होते. त्यात छत्रीला धक्का लागणं किंवा वायरीत मांजा अडकणं सहज घडतं.

केबल आणि डिश दोन्ही असतील तर?

दोन्हींच्या वायरी दिसायला सारख्याच असतात. त्यामुळे वायर वाचवण्यासाठी काही जण साधा स्प्लिटर लावून त्या एकत्र जोडतात. ते टाळा. डिशचा बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला वीज पुरवतो. केबलच्या साध्या स्प्लिटरमधून ती नीट जात नाही, आणि डिशची फ्रिक्वेन्सी केबलपेक्षा वरची असल्याने सिग्नलही कमी होतो. दोन्ही वायरी वेगळ्या ठेवून थेट आपापल्या बॉक्समध्ये लावा.

फक्त केबल गेली असेल, तर आधी शेजारी विचारा. त्यांचीही बंद असेल, तर बिघाड लाइनवर आहे. तुमचीच गेली असेल, तर वायरीच्या टोकाचा कनेक्टर पाहा. पाणी शिरून तो गंजतो.

तक्रार करताना काय लक्षात ठेवाल?

पावसात, विजा चमकत असताना किंवा विजेच्या तारा जवळ असताना गच्चीवर चढू नका. ते काम मेकॅनिकचं.

ट्रायने २०२४ मध्ये व्हिजिट चार्जवरची मर्यादा काढली आहे. दर कंपनी ठरवते, पण तो जाहीर करणं तिला बंधनकारक आहे. म्हणून फोनवरच रक्कम विचारा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर लिहून घ्या. कंपनीने दाद दिली नाही, तर तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार करता येते.

कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये दिसेल तो लावू नका, कंपनीच्या ॲपमधून किंवा बॉक्सच्या मेनूतून घ्या. बनावट नंबरवरून ओटीपी मागून किंवा मोबाइलचा ताबा देणारं ॲप टाकायला लावून खातं रिकामं केलं जातं. असं घडलं तर लगेच १९३० वर कळवा.

आणि मेकॅनिक बॉक्स बदलायला सांगत असेल, तर आधी त्याला दोन्ही पट्ट्या दाखवायला सांगा. क्वालिटी शून्य असताना नवा बॉक्स घेऊन सहसा उपयोग होत नाही.